राईने दिवा वाढवला

कुंभिवली,
६ जुलै २०२५

भागे,

फोन लागत नाही म्हणून पत्र, असं लिहिणार होते. पण ते खोटं होईल. मागच्या बाजाराला तू खाली उतरलीस तेव्हा फोन चांगला लागला होता, आणि तूच म्हणालीस, "तू मला बोलू देत नाहीस गं, काय ते लिहून पाठव." घे, लिहिलं. सखा दुधाचा टेंपो घेऊन रोज वडशेतहून इथे हायवेला येतो. तो आमच्या दुकानातून पत्र नेईल आणि तुमच्या वाडीच्या वाटेला लागलेल्या कुणाच्या तरी हाती देईल. तो वाचेल ही भीती नाही, त्याला माझं अक्षर लागत नाही.

आधी गोड बातमी. माळ्यावरून वह्यांचे गठ्ठे काढताना 'राखणगड'चे पहिले चार भाग सापडले! तीच पिवळी, पातळ पुस्तकं. मामा भिवपुरीच्या पॉवरहाऊसला होता, क्वार्टर्समध्ये मी त्याच्याकडे राहायचे, आणि पगार झाला की तो एक भाग आणायचा. मग दुसऱ्या दिवशी मी ते कर्जतच्या शाळेत न्यायचे आणि मधल्या सुट्टीत आपण दोघी गच्चीच्या जिन्यात एकाच पुस्तकावर डोकी घालून बसायचो. मी भराभर वाचायचे आणि तू पानावर तळहात ठेवायचीस. "थांब गं, मी अजून खिंडीतच हाय." मी वेणी आणि तू दिवा राखणारी राई, यावर कधी वादच झाला नाही. वेणी बडबडी होती ना.

आता माझी हर्षला वाचतेय, आणि मलाच गोष्ट सांगते, जशी काही मी वाचलीच नाही. "आई, तो डोंगर म्हणजे झोपलेला राक्षस आहे. वर एक दिवा आहे. दिव्यापाशी कायम एक राखणदार बसतो. तो उठला तर डोंगर कूस बदलणार आणि खालची गावं गाडली जाणार." मी आपली "हो का?" म्हणते. पाचवा भाग कुठाय म्हणून रोज कटकट करते. तो तुझ्याकडे आहे. आठवीत तू वसतिगृह सोडून निघालीस तेव्हा दिला होता. जिवावर आलं होतं माझ्या, आज सांगते.

आता दुसरं. काल सखा म्हणाला, "ताई, उंबरमाळच्या वर डोंगराला भेग पडलीय." भागे, तो डोंगर आहे, पुस्तक नव्हे. केवढी भेग आहे? खरं लिही. आणि तुम्ही सगळे खाली कधी येताय?

तुझी,
सुरभी


उंबरमाळ,
११ जुलै

सुरभीबाई,

सख्याला तुझं अक्षर लागत नाही, पण भेगेची बातमी मात्र बरोबर वाचता येते.

भेग आहे. अंगणवाडीच्या मागून निघते ती फणसापर्यंत जाते. पहिल्यांदा दिसली तेव्हा पोरं तिच्यात खडे टाकून आवाज ऐकत होती. आता माझा पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. पोरांना मी अंगणवाडीत बसवणं बंद केलंय, शेजारच्या चिमाच्या ओट्यावर बसवते. सरकारी माणसं येऊन गेली. चढून दमली होती बिचारी. म्हणाली, पावसाचा जोर वाढायच्या आत खाली उतरा, वडशेतच्या गायरानावर तुम्हाला पत्र्याच्या शेडी घालून देऊ.

नामा तयार आहे. माझा नवरा असून एकदाच सांगितलेलं ऐकलं, ही नवलाईच. बाया तयार आहेत. अडलंय ते बाबापाशी. तुला ठाऊकच आहे, डोंगराला पहिला नारळ माझ्या बापाचा. सदूबाबा उठल्याशिवाय वाडीतलं कुणी उठत नाही. आणि बाबा साहेबांना म्हणाला काय, ऐक.

"राखण्यानं डोंगर सोडला त डोंगर कूस पालटल. बापजाद्यांनी सांगून ठेवलंय."

साहेबांनी लगेच लिहून घेतलं. 'स्थानिकांची श्रद्धा' असं काहीतरी. मी बाजूला उभी. हसू की रडू कळेना. कुठले बापजादे? मी सांगितलंय ते! सातवीच्या दिवाळीच्या सुट्टीत, चुलीपुढे बसून. वसतिगृहातून घरी आले की वाडीतली पोरं, बाया सगळी जमायची आणि मी पुढचा भाग सांगायचे. पुस्तक तुझ्याकडे, म्हणून सगळं तोंडपाठ करून आणायचे. ऐकता ऐकता तो आमचाच डोंगर झाला. मग आया आपल्या पोरांना सांगायला लागल्या. आता बाबा नारळ फोडताना राईचं नाव घेतो, आणि ते तुझ्या मामाने भिवपुरीला आणलेल्या पुस्तकातलं आहे हे इथे कुणाच्या ध्यानातही नाही. मीही कधी बोलले नाही. बरं वाटायचं गं मला.

आणि माझ्यापुरतं विचारशील तर मलाही ते पुस्तकातलं वाटत नाही. पाचव्या भागाचं शेवटचं पान मला पाठ आहे. पाऊस कोसळतोय, राईच्या जागी बदली येणार ती आलीच नाही, रात्रभर ती एकटी. आणि मग शेवटची ओळ, 'उजाडलं. राईने दिवा वाढवला.' संपलं. कुणी आलं नाही, तरी तिने वात मोठी केली आणि बसून राहिली. ही ओळ नसती तर मी या वाडीत राहिले नसते.

आता तू सांग, बाबाला मी कुठल्या तोंडाने म्हणू, उठ म्हणून?

भागी


कुंभिवली,
१४ जुलै

भागे,

तुझं पत्र वाचता वाचता मी गिऱ्हाइकाला पेनाऐवजी कंपास दिला, आणि तो घेऊन गेलासुद्धा.

वात मोठी केली? हे कुणी सांगितलं तुला? अगं वेडे, दिवा वाढवला म्हणजे विझवला!

आमच्या घरात 'विझवला' म्हणायची सोयच नव्हती. आत्या कानाखाली द्यायची, शुभ बोल म्हणायची. दिवा विझवायचा नाही, वाढवायचा. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळसुद्धा फोडत नाहीत, वाढवतात. अजूनही माझे सासरे संध्याकाळी म्हणतात, "सुरभी, चला, दुकान वाढवा आता," म्हणजे शटर ओढा. हर्षला लहानपणी त्यांना म्हणाली होती, "आजोबा, रोज वाढवता तरी एवढंच कसं? आणि शेजारी तर टायरवाला आहे, वाढवणार कुठे?" आम्ही किती दिवस हसत होतो. आणि तू आठवीपासून तेच करून बसलीस!

म्हणजे गोष्ट अशी आहे. उजाडलं, राखण संपली, राईने आपल्या हाताने दिवा विझवला आणि ती घरी गेली. डोंगर काही पालथा झाला नाही. म्हणून तर ती शेवटची ओळ. मला वाटलं होतं तुला कळलंच असणार, म्हणून कधी बोलले नाही.

हे बाबांना सांग. आजच सांग. त्यांना राईचं एवढं आहे ना, मग राईच उठून गेली म्हणावं. आता त्यांच्याकडे न उठायला कारण उरत नाही. गायरानाची काळजी करू नकोस, गावाचं मी बघते. माझंच माहेर आहे ते. किशोरदादा भाऊ आहे माझा, माझ्या शब्दाबाहेर नाही.

भेग मोजत बसू नका गं. या.

सुरभी


उंबरमाळ,
२३ जुलै

सुरभी,

पत्र आलं त्याच दिवशी पुस्तक काढून पुन्हा वाचलं. मग चिमाला म्हटलं, "दिवा वाढव गं जरा." तिने सोलरच्या दिव्याचं बटण दाबून उजेड मोठा केला. आमच्यात दिवा इझवतात. तुमच्यासारखं आम्ही वाईटाला चांगल्याचं नाव देत नाही.

तुला एक गोष्ट माहीत नाही, कारण भेटलो की तू बोलतेस आणि मी ऐकते. मी वसतिगृह सोडल्यावर तिथल्या बाईंनी दोनदा निरोप पाठवला होता. परत ये, दहावी कर, तुला नर्सिंगला लावून देते. आई तेव्हा आजारी होती, धाकटी भावंडं होती. बाबा म्हणाला होता, जा. तो म्हणाला होता, जा! मीच नाही म्हटलं. का, तर राई उठली नव्हती. मी ते पान काढून वाचायचे आणि मला कसलं शहाणं वाटायचं, कसलं शूर वाटायचं. आता तू हसत हसत लिहितेस की राई दुकान बंद करावं तशी उठून गेली होती.

राग कुणावर काढू? लिहिणाऱ्यावर काढावा तर तो कुठे आहे कुणास ठाऊक. मग तूच उरतेस. तर तुझ्यावर आहे.

आणि एवढंच असतं तर मी गिळलं असतं. बाबाला सांगायचं ठरवून मी त्या दिवशी खाली शिधा आणायला उतरले, तर सखा भेटला. त्याला वाटलं मला माहीतच आहे. तू मला ते शहाणपणाचं पत्र लिहिलंस त्याच्या आदल्या दिवशी वडशेतला ग्रामसभा झाली. गायरान द्यायचं नाही म्हणून सगळ्यात आधी उठला तो किशोरदादा. "आज पत्रे येतील, उद्या नळ मागतील, परवा गायरान त्यांचंच." गावाने माना हलवल्या. सखा म्हणतो, सुरभीताई माहेरी आली होती, बायकांत बसली होती.

मी विचारलं, काय म्हणाली ती? तर म्हणाला, काय नाय.

तू! तू गप्प बसलीस! देवळात कीर्तनातसुद्धा तुझं तोंड बंद नसतं. आणि दुसऱ्या दिवशी मला लिहितेस, गावाचं मी बघते. खाली या, खाली या. खाली कुठे यायचं गं?

झऱ्याचं पाणी कालपासून गढूळ येतंय. फणस कलला आहे. तू विचारलं होतंस ना, खरं लिही म्हणून.

भागी


कुंभिवली,
२५ जुलै

भागी,

हो. बसले होते आणि गप्प होते.

वडील गेल्यापासून माझं माहेर म्हणजे किशोरदादाचा उंबरा. चारचौघांत त्याला खाली पाहायला लावायचं आणि संध्याकाळी त्याच्याच चुलीवरचा चहा प्यायचा, हे मला जमेना. म्हटलं नंतर एकट्याला गाठून सांगू, गोडीगुलाबीने. नंतर त्याने माझ्या पिशवीत तांदूळ भरून दिले, हर्षलाला खाऊ दिला, आणि मी गाडीत बसून आले. तुला खोटं लिहिलं कारण मला वाटलं, सांगितलं तर तू येणारच नाहीस.

नर्सिंगचं वाचून मी रडले. तुझ्याशी बोलता बोलता एवढी वर्षं मी तुला एकदाही विचारलं नाही, की तू परत का आली नाहीस. मी धरून चालले होते की तुमच्यात मुली शिकत नाहीत. लिहिताना लाज वाटतेय, पण लिहिते.

भांडण कुठे जात नाही, ते आपण करू. झऱ्याचं पाणी गढूळ येणं चांगलं नाही गं. तेवढं मलाही कळतं. तू तुझ्या बापाशी बोल. मी उद्या माझ्या भावाशी बोलते.

सुरभी


उंबरमाळ,
३० जुलै

सुरभी,

सांगितलं बाबाला.

काल पाऊस दिवसभर हटला नाही. सगळे आमच्याच घरात होते, कारण वरच्या अंगाच्या दोन घरांच्या भिंती ओलीने फुगल्यात. मी पाचवा भाग काढला आणि शेवटचं पान मोठ्याने वाचलं. मग म्हटलं, बाबा, माझं चुकलं होतं, राईनं दिवा इझवला, ती उठून गेली. आणि ही गोष्ट बापजाद्यांची नाही, कर्जतच्या शाळेत वाचलेल्या पुस्तकातली आहे.

मला वाटलं होतं तो चिडेल. नाहीतर खचेल. तो विडी पेटवत म्हणाला, "मला काय ठावं नाय व्हय? तूच सांगत व्हतीस, मीच ऐकत व्हतो."

"मग साहेबाला बापजाद्यांचं का सांगितलंस?"

"खाली आमाला कोन उभं करत नाय, असं बोललो असतो त त्यानं लिवून घेतलं असतं का?"

मग त्याने मला विचारलं, अगदी पुस्तक तपासायला बसल्यासारखं, "बरं, तुजी ती राई. दिवा इझवला न् उतरली. उतरून गेली कुठं? खाली कुनाच्या दारात तिला जागा व्हती? बघ, लिवलंय का बुकात?"

मी पान उलटून पाहिलं, सुरभी. मला माहीत होतं मागे कोरं आहे, तरी पाहिलं.

मग त्याने सांगितलं ते मी कधी ऐकलं नव्हतं. मी जन्मायच्या आधी एकदा वणव्यात वाडी जळाली होती. सगळे खाली गेले, गायरानावर झोपड्या घातल्या. होळीपर्यंत राहू दिलं. होळीच्या दिवशी गावाची पोरं आली आणि झोपड्यांची लाकडंच होळीला उचलून नेली. आई तेव्हा पहिल्यांदा पोटुशी होती. ते मूल राहिलं नाही. "डोंगर मारल त एकदाच मारल," बाबा म्हणाला. "गाव रोज उठवतं."

बाबाला गोष्टीने अडवलेलं नाही, त्यामुळे गोष्टीने तो उठणारही नाही. नामा आता म्हणतो, मी पोरांना घेऊन जातो, म्हातारा राहू दे. मी बापाला टाकून जाणार नाही, हे त्यालाही माहीत आहे. आमच्या घरात आता कुणी कुणाशी बोलत नाही.

रात्री जमिनीतून आवाज येतो. जात्यासारखा.

भागी


कुंभिवली,
४ ऑगस्ट

भागी,

बाबांना सांग, बुकात लिहिलेलं नाही, पण जागा आहे.

तीनदा गेले वडशेतला. पहिल्यांदा दादा हसला. दुसऱ्यांदा उठून शेतावर गेला. काल मी त्याच्या ओसरीवर बसले आणि म्हटलं, गायरान नको, माझा वाटा दे. वडील गेल्यावर मी हक्कसोड करून दिली नव्हती. दादाने मागितली नव्हती आणि मी आठवण केली नव्हती. दोघांनाही वाटायचं, होईल सावकाश. काल मी म्हटलं, ओढ्याच्या वळणापलीकडचा वरकस तुकडा माझा. तिथे दोन जांभळी आहेत आणि बाकी खडक. काही पिकत नाही, पण तिथून कुणाला उठवायचा हक्क गावाला नाही.

तो म्हणाला, "आमी काय मेलो व्हतो का गं, का तू वाटा मागाय आलीस? न् तो बी त्यांच्यासाठी?"

म्हटलं, "दादा, माणसं मरतील."

"लोकांची मरतील म्हणून तू भाऊ मारतेस व्हय?" असं म्हणाला तो मला. भागे, लहानपणी मला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडायचा तो. शेवटी म्हणाला, "घे तुकडा. पन मंग राखीला येऊ नको." वहिनी दाराआड रडत होती. मी चहा न पिता निघाले. रस्त्यापर्यंत मागे वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर परत गेले असते.

हे तुला उपकार म्हणून सांगत नाही. बाबांनी विचारलं ना कुणाच्या दारात, म्हणून सांगते. माझ्या दारात. ताडपत्र्या, बांबू, सुंभ दुकानाच्या गाडीतून तिकडे टाकले आहेत. सखा टेंपो घेऊन ओढ्याच्या वळणावर उभा राहील, रोज, तुम्ही उतरेपर्यंत.

पुलावर पाणी चढतंय. उद्यापासून मला कदाचित तिकडे येता येणार नाही, म्हणून हे पत्र आजच धाडते. भागे, आता वाद घालू नका. शेळ्या आणा, माणसं आणा आणि निघा.

तुझी,
सुरभी


वळणावरची जांभळी,
८ ऑगस्ट

सुरभी,

आम्ही सगळे आहोत. हे आधी लिहिते.

तुझं पत्र बाबाला वाचून दाखवलं. त्याने एकच विचारलं, "भाऊ तोडला तिनं?" मी हो म्हटलं. तो उठला आणि माळ्यावरून दोर काढायला लागला. एवढंच. त्याच्यामागून सगळी वाडी बांधाबांध करायला लागली. आज सकाळी निघालो. वडशेतची नेहमीची वाट वाहून गेलीय, म्हणून ओढ्याकडच्या वाटेने उतरलो. घसरत, शेळ्या खांद्यावर घेऊन. गावातल्या कुणालाच आम्ही दिसलो नाही; सखा तेवढा वळणावर होता, पण तोही आमच्याबरोबर ताडपत्री बांधायला थांबला. बाबा सगळ्यात शेवटी उतरला. नामाने त्याला पाठीवर घेतो म्हटलं तर त्याने नामालाच शिवी दिली. दोघं बोलायला लागले, हे बरं झालं.

ताडपत्री बांधून होतेय तोवर आवाज आला. कसा ते मला लिहिता येत नाही. जमीन पायाखालून ओढल्यासारखी वाटली आणि वर पाहिलं तर डोंगराचा तो कडा तिथे नव्हता. धुकं आणि लाल चिखल. पोरं रडलीसुद्धा नाहीत. बाबा बसूनच राहिला. चिमा आपली माणसं पुन्हा पुन्हा मोजत होती आणि दर वेळी चुकत होती.

मग बऱ्याच वेळाने वरून माणसांच्या हाका ऐकू आल्या. आमचे तर सगळे खाली होते. मग वर कोण? मी आणि नामा परत ओढ्याने चढलो.

वडशेतची माणसं होती, सुरभी. नेहमीची वाट नसताना, झाडीतून चढून आली होती, पहारी-फावडी घेऊन. आम्ही गाडलो गेलो असंच त्यांना वाटलं होतं. आमच्या घराची जागा कुठली ते मलाही ओळखता येईना, पण तिथे एक माणूस गुडघ्यांवर बसून हातांनी चिखल उपसत होता. पहार बाजूला टाकली होती, कुणाला लागेल म्हणून. हाका मारत होता, "सदूबाबा! भागे! आवाज द्या रं, कुठं हाव? भागे, आवाज दे!"

किशोरदादा. त्याने माझं नाव यापूर्वी कधी घेतल्याचं मला आठवत नाही.

मी मागे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "दादा, आमी हितं हाव."

त्याने वळून पाहिलं. भुताकडे पाहावं तसं पाहिलं. मग माझ्या अंगावर ओरडला, "सांगून जाता येत नाय? मानसाला सांगून जाता येत नाय का गं?" आणि तिथेच चिखलात बसून हमसून हमसून रडला. नामाने त्याला धरलं तर त्याने नामाचा दंड सोडलाच नाही. खाली येईपर्यंत सोडला नाही.

त्याच्या उजव्या मनगटावर पत्रा लागून चिरलं होतं. मी पदराची चिंधी फाडून बांधली. राखी वगैरे म्हणून नाही, रक्त थांबत नव्हतं.

तुझ्या जांभळीखाली आल्यावर बाबाने त्याला पाणी दिलं. तो प्यायला, आणखी मागून प्यायला. दोघंही एकमेकांकडे न बघता बसले होते. मग गावातल्या बाया भाकऱ्या घेऊन आल्या, तुझी वहिनी पुढे. उद्याचं उद्या. उद्या हीच माणसं पुन्हा नळावरून बोलायला लागतील, मला माहीत आहे. पण आज आली होती, आणि ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

वडशेतचा टॉवर बंद आहे, म्हणून कंदिलाशी बसून लिहितेय. पाणी उतरलं की सखा पूल चालत ओलांडून तुला पत्र देईल. किशोरदादा अजून इथेच आहे, बांबू ठोकतोय. मी लिहिताना पाहून आता जवळ आला आणि विचारलं, "तिलाच लिवतेस ना?" हो म्हटलं. बराच वेळ मनगटाच्या चिंधीशी चाळा करत उभा राहिला. मग म्हणाला, "तिला लिव, पानी उतरलं का राखी घेऊन ये म्हणावं. पन मी बोलनार नाय तिच्याशी."

भागी